कोटातला कारुरू

"आज नऊच्या आत रेडा पाहुण्यासमोर उभा करते. नाही जमलं, तर उद्यापासून दुसरा माग काढणारा बघा!"

शुवाई बोलून गेली. शिकारी वाटाड्या चिगुंबूने नुसती मान डोलावली. दुसरा माणूस त्याने हेरूनही ठेवला होता, नदीपलीकडच्या छावणीतला. कारुरूच्या लेकीला एक संधी द्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

कारुरू म्हणजे शुवाईचा बाप. वीस वर्षं तो चिगुंबूच्या पुढे चालला. रानरेडा हे त्यांच्या घराण्याचं देवक. त्यामुळे जन्मभर रेड्यांच्या मागे फिरून त्याने त्या मांसाचा एक घास तोंडात घातला नाही. त्याच्या वाट्याचं सगळं खायचा कापेसा.

कापेसा त्यांच्या घराचा सहविरा होता. मयताच्या अंगणात मेलेल्याचेच कपडे चढवून त्याची नक्कल करायची आणि रडणाऱ्यांना हसवायचं, हा सहविऱ्याचा मान. घरातलं कुणी त्याला गप्प बस म्हणू शकत नाही. कारुरू गेला त्या दिवशी कापेसा त्याचा खाकी कोट घालून बाहेर आला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "एवढीच माणसं? मी काय कोंबडी होतो?" सगळं अंगण खो खो हसलं. शुवाई चुलीमागे जाऊन बसली. त्याला आता आठ महिने झाले. ती अजून हसली नव्हती. रडलीही नव्हती म्हणा.

आणि आज हा कापेसा तोच कोट घालून गाडीत आधीच बसलेला! ऑक्टोबरची काहिली, भल्या सकाळीच दगडसुद्धा सावली शोधत होते, आणि याची वरपर्यंत बटणं लावलेली.

"काका, तुम्ही कुठे निघालात?"

"कारुरूची लेक पहिल्यांदा मागावर निघते, आणि कारुरू घरी बसेल होय? शिवाय आठ महिने सुकट खातोय, पोरी. जिभेला काटे फुटले."

चिगुंबू म्हणाला, "शुवाई, त्याला उतरायला सांग."

"मला नाही सांगता येत. सहविरा आहे आमचा."

"मग मी सांगतो."

"सांग ना!" कापेसा म्हणाला. "मीही सांगतो गावभर, गेल्या साली हत्ती आला तेव्हा गाडीखाली आधी कोण शिरलं ते."

चिगुंबूने गाडी सुरू केली.

पाहुणा लोथार, पैसे मोजून शिकारीला आलेला जर्मनीतला दातांचा म्हातारा डॉक्टर. त्याला इथल्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. कोट बघून त्याने कापेसाला गावचा मुखिया ठरवलं आणि वाकून नमस्कार केला. कापेसाने तो मोठ्या मनाने स्वीकारला.

माग चांगला लागला. एकटा, म्हातारा रेडा. शेणावरची ओल अजून गेली नव्हती. शुवाई राखेची पुरचुंडी झटकून वारा बघत पुढे चालली. तिच्या शेजारी कापेसा, थेट कारुरूच्या चालीत. मान डावीकडे कललेली, एक हात पाठीवर, दर वीस पावलांवर तो कोरडा खोकला. इतकं हुबेहूब, की शुवाई तिकडे बघायचंच टाळत होती. मागून येणारा चिगुंबू मात्र बघत होता. तिकडेच बघत होता.

एका मोपानेच्या झाडापाशी ती थांबली. खुरांचे ठसे डावीकडे वळले होते, माणसांचा वास वाऱ्यासोबत जातो त्या अंगाला. म्हातारा रेडा असाच वळसा घालून येतो आणि स्वतःच्याच मागाशेजारी दबा धरतो. बापाने हे तिला नदीकाठच्या चिखलात काठीने काढून दाखवलं होतं. आणि आता डावीकडच्या काट्यांतून रेड्याच्या पाठीवरच्या गोचिडी टिपणाऱ्या पक्ष्यांची चरचर आली.

तिने हात वर केला. थांबा!

नेमकं त्याच वेळी कापेसाने तळवा उघडून अलगद पुढे ढकलला. ही कारुरूची खूण: चला, मोकळं आहे. चिगुंबू बेधडक पुढे निघाला. वीस वर्षं त्या बाहीतल्या हातावर विसंबलेला माणूस तो. मागोमाग लोथार.

"काका!" शुवाई कुजबुजली. "ही खूण कशाची, ठाऊक आहे?"

"मला काय ठाऊक! तो करायचा, मी करतो. छान जमते ना?"

मागावर असताना मोठ्याने बोलायचं नसतं. शुवाई गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "झाडावर!"

काट्यांची भिंत फुटली. कोळशाचा डोंगर आगगाडीसारखा सुटला! चिगुंबूने लोथारला पिठाच्या पोत्यासारखं फांदीवर टाकलं. त्या गडबडीत दोन्ही बंदुका खाली राहिल्या. कापेसा शेवटी चढला, म्हणजे कोट सोडून बाकीचा कापेसा चढला. बटणं तुटून कोट शिंगाला अडकला होता. रेड्याने मान झटकली, कोट मातीत आपटला, खुराने तुडवला, पुन्हा उचलला.

"अरे मेल्या!" कापेसा वरून ओरडला. "मयताचा कोट आहे तो! तुझ्याच कुळातला माणूस होता! जरा तरी लाज धर!"

शुवाईला हसू फुटलं. आवरेना. फांदी हलायला लागली, लोथारने डोळे मिटले, आणि तिला कळायच्या आत हसण्यातच आठ महिन्यांचं रडूही मिसळलं. कापेसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. या वेळी त्याचा स्वतःचा.

चिगुंबू म्हणाला, "मी कोटाकडे बघत होतो, शुवाई."

"माहीत आहे. मी तो टाळत होते, म्हणून जमीन तरी बघितली."

खाली रेड्याने चारी पाय दुमडले आणि सावलीत बैठक मारली. चिगुंबूने त्याच्याकडे बघितलं, बंदुकांकडे बघितलं. मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, शुवाईकडे.

"आता काय करायचं?"

तिने पुरचुंडी झटकली. वारा बघितला, रेड्याचे कान बघितले.

"बसायचं. पाण्यावर जायला उठेल तेव्हा उतरायचं."

"कधी उठेल?"

"ऊन कलल्यावर. पाचच्या सुमाराला."

"बरं," चिगुंबू म्हणाला. कापेसाही बरं म्हणाला. लोथारला काहीच कळलं नव्हतं, तरी त्यानेही मान डोलावली.

शुवाईची नोकरी पक्की झाली. तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजले होते.