व्याह्यांच्या पापण्या

ग्यू-होने गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला आणि चांगला अर्धा तास बोलून कू दोंग-पिलकडे त्याच्या मुलीला मागणी घातली. बोलणं संपल्यावर त्याने मान वर करून होणाऱ्या सासऱ्याकडे नीट पाहिलं. मग तो उठला आणि पावलांचा आवाज न करता खोलीबाहेर आला.

"काय म्हणाले बाबा?" नारेने विचारलं.

"झोपलेत," तो कुजबुजला. "राहू दे, उठवू नकोस. मी पुन्हा येईन."

दोंग-पिल झोपला नव्हता. तो शब्द न शब्द ऐकत होता आणि गहिवरून उत्तराची जुळवाजुळव करत होता. पण त्याच्या पापण्या साठीनंतर अशा काही खाली आल्या होत्या की दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक जेवायला गेलाय असंच समोरच्याला वाटे. कोरियातल्या देगू शहराच्या बाजारात त्याचं सुक्या मासळीचं दुकान होतं. एकदा एका चोराने आधी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि मग सुक्या माकुलांची अख्खी माळ उचलून नेली, असं बाजारात सगळे शपथेवर सांगतात. दोंग-पिलने ते सगळं पाहिलं होतं. पण ज्याने इतक्या मायेने पांघरूण घातलं त्याच्यावर ओरडायचं कसं, हे त्याला ठरवता येईना, तोवर चोर माशांच्या आळीतून पसार झाला.

माळ गेली तर गेली. पण इथे पोरीचं लग्न होतं. ग्यू-होने घरी जाऊन जे दिसलं ते सांगितलं आणि अंदोंगहून त्याच्या आईचा निरोप आला: मुलगी मागायला आल्यावर झोपणारा बाप आमच्या घराण्याने आजवर पाहिलेला नाही. तरीही रीतीप्रमाणे दोन्ही घरची माणसं एकदा जेवायला बसू. पुढचं पुढे.

"ऐकलंत?" दोंग-पिलची बायको सुन-इम म्हणाली. "पुढचं पुढे म्हणे. म्हणजे पुढे काही नाही."

"मी जागा होतो गं."

"मला माहीत आहे हो. मी तेहेतीस वर्षं बघतेय. तुम्ही खरे झोपलात की नाकातून चहाची किटली उकळायला लागते. पण हे मी विहीणबाईंना पत्रिकेत छापून कळवू का?"

नारेची अडचण आणखी वेगळी होती. ती इस्पितळात औषधं देण्याच्या कामावर, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. ग्यू-हो मात्र ग्वाक घराण्याच्या थोरल्या पातीचा थोरला मुलगा, आणि त्या घरात महिन्याला एक तरी पूर्वजांचं श्राद्ध. पहाटेपासून सुनांनी तळण तळायचं, पुरुषांनी रांगेत वाकायचं.

"बाबा, त्यांनी सगळी श्राद्धं माझ्या गळ्यात घातली ना, तर मी ताटावरून उठून येईन," नारे म्हणाली. "ग्यू-हो आईपुढे तोंड उघडत नाही. बोलायचं तर तुम्हीच."

"मी बोलेन," दोंग-पिल म्हणाला.

"बोलाल," सुन-इम म्हणाली, "पण झोपेत बरळतायत म्हणून विहीणबाई तुमच्या डोक्याखाली उशी सरकवतील." आणि तिने त्याच दिवशी पापण्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

दवाखान्यात एका चटपटीत मुलीने दोंग-पिलपुढे फोटोंचा गठ्ठा ठेवला. सगळी कोवळी पोरंपोरी, हरणासारख्या डोळ्यांची. "कशा प्रकारचे डोळे हवेत, काका?"

"उघडे," सुन-इम म्हणाली.

डॉक्टर मात्र सरळ माणूस होता. त्याने काही लपवलं नाही. "पहिला आठवडा मारामारीत हरून आल्यासारखे दिसाल. मग जांभळ्याचं हिरवं होईल, हिरव्याचं पिवळं. टाके काढल्यावर काही दिवस चकित झाल्यासारखे दिसाल. डोकं उंच ठेवून झोपायचं. पापणी थोडे दिवस पूर्ण मिटणार नाही, म्हणून रात्री मलम. आणि दारूचा थेंब नाही."

"चकित म्हणजे किती चकित?" सुन-इमने विचारलं.

"बसेल ते हळूहळू. दोन-तीन महिने धरा."

जेवणाला अजून तीन महिने होते. सुन-इमने हिशेब करूनच हे काढलं होतं.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि बाजाराला काम मिळालं. सुजेवर भोपळ्याचा रस उत्तम, म्हणून जो तो भोपळ्याच्या रसाची खोकी आणून टाकू लागला. शेजारची मासेवड्यांची म्हातारी तर रोज येऊन न्याहाळून जाई. "या वयात कुणाकडे बघायचंय रे एवढं डोळे फाडून? आमच्याकडे तर कधी अर्ध्या डोळ्याने पाहिलं नाहीस." दोंग-पिल रस पीत राहिला. दुकानात मात्र नवीनच तऱ्हा सुरू झाली. गिऱ्हाइकाने भाव विचारला की दोंग-पिल भयंकर धक्का बसल्यासारखा बघे, आणि गिऱ्हाईक आपलं काय चुकलं ते आठवत निघून जाई.

त्यात अंदोंगहून फोन आला. ठरलेल्या दिवशीच ग्यू-होच्या खापरपणजोबांचं श्राद्ध येतंय हे आता लक्षात आलं, तेव्हा जेवण अलीकडे घेऊ. येत्या रविवारीच.

सुन-इमने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चकित होऊन तिच्याकडे बघत होता.

"तसं बघू नका."

"मी कुठे बघतोय? ते आपोआप होतंय."

"त्या खापरपणजोबांना मरायला दुसरा दिवस नव्हता," सुन-इम म्हणाली आणि भोपळ्याच्या रसाचं आणखी एक पाकीट फोडून त्याच्या हातात कोंबलं.

त्या आठवड्यात दोंग-पिल धड झोपलाच नाही. उशांच्या डोंगरावर डोकं, डोळ्यांत मलम, पापण्या अर्ध्या उघड्या. छत दिसत राही. मग तो छताला उद्देशून भाषण पाठ करी: विहीणबाई, आमची पोर कष्टाळू आहे, पण तिला तिचं काम आहे. भाषण झकास झालं होतं. छताला पटलंही असावं.

रविवारी अंदोंगच्या एका खाणावळीतल्या वेगळ्या खोलीत दोन्ही घरं बुटक्या मेजाभोवती समोरासमोर बसली. बाहेर थंडी कडाक्याची, म्हणून खालची जमीन छान तापवलेली. ग्वाकबाई ताठ बसल्या होत्या, केस चापूनचोपून. शेजारी ग्वाकसाहेब, गप्प आणि जाडजूड, त्यांच्या पापण्याही बऱ्यापैकी उतरलेल्या.

"प्रवास ठीक झाला ना?" ग्वाकबाईंनी विचारलं.

दोंग-पिलने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी त्याच्या खिशात हात घातला. "ठीक झाला," तो म्हणाला.

ग्वाकबाई जरा मागे सरकल्या. ग्वाकसाहेबांनी अंदोंगची कडक दारू दोन्ही हातांनी पुढे धरली. व्याह्याने ओतलेला पेला नाकारणं म्हणजे सोयरीकच नाकारणं. दोंग-पिलचा हात पुढे गेला, आणि सुन-इमने तो हवेतच धरला.

"ते घेत नाहीत सध्या," ती घाईने म्हणाली. "म्हणजे, पोरीचं सगळं मनासारखं ठरेपर्यंत थेंब घ्यायचा नाही, असा नेम केलाय त्यांनी."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. ग्वाकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मनासारखं म्हणजे काय, हे आता या माणसाच्या चेहऱ्यावरून शोधायचं होतं, आणि चेहऱ्यावर तर भूकंप झाल्यासारखे डोळे.

पदार्थ येत गेले. गरम सूप आलं, वाफाळता भात आला. पाठीला भिंत, बुडाखाली ऊब, पोटात भात. ग्वाकबाईंनी शेवटी घसा साफ केला.

"आमच्या घराची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. पूर्वजांची श्राद्धं आम्ही एकही चुकवत नाही. महिन्याला एक धरा. आता सून आली की सगळं तिने हाती घ्यावं."

नारेने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. सुन-इमने नवऱ्याकडे पाहिलं. भाषणाची वेळ झाली होती. दोंग-पिल टक लावून ग्वाकबाईंकडे बघत होता. पापणी हलत नव्हती.

आणि सुन-इमच्या कानावर आवाज आला. बारीक, लांबचा. चहाची किटली.

मेजाखालून तिने चिमटा काढायला हात सरकवला. तीन आठवडे भोपळ्याचा रस पाजून, उशा रचून, मलम घालून हा माणूस शेवटी ऐन वेळेला झोपला, तोही उघड्या डोळ्यांनी.

"अगदी सगळी नाही म्हणत मी," ग्वाकबाई म्हणाल्या.

सुन-इमचा हात थांबला.

"चार पिढ्यांपर्यंतची पाळली तरी चालतं. हल्ली बरेच जण तेवढीच पाळतात."

दोंग-पिल बघत राहिला.

"माझं काही चुकलं का, व्याहीबुवा?" ग्वाकबाईंचा आवाज जरा खाली आला. "बरं, दोनच पिढ्या. आमच्या सासूसासऱ्यांपर्यंत. त्यापुढचे तसेही मला कुणी आठवत नाहीत."

किटलीने सूर चढवला. नारेच्याही आता लक्षात आलं, आणि तिला जोराचा खोकला आला. ग्वाकबाईंना मात्र तो संतापाने दाबून धरलेला श्वास वाटला. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे इतका वेळ नजर न हटवता कुणी पाहिलं नव्हतं, नवऱ्याने तर लग्नाच्या दिवशीही नाही.

"आई," ग्यू-हो जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "फक्त वर्षातल्या दोन मोठ्या सणांचं ठेवू या. आणि तळण मी तळेन."

"तू?"

"मी."

ग्वाकबाईंनी पुन्हा दोंग-पिलकडे पाहिलं. त्या डोळ्यांत दया नव्हती. "तळ बाबा," त्या म्हणाल्या. "दोन सण. पोरीला इस्पितळात काम नसेल तर तिनेही यावं. बस? आता तरी पेला घ्याल?"

सुन-इमने आता कचकचून चिमटा काढला. दोंग-पिल दचकला, आणि दचकल्याचं कुणालाही कळलं नाही.

"पोर कष्टाळू आहे," तो भाषणाच्या पहिल्या ओळीपासून सुरू झाला.

"तेच म्हणतोय आम्ही," ग्वाकबाई घाईने म्हणाल्या. "ठरलं सगळं."

पेला मात्र त्याने नुसता ओठाला लावला. सुन-इमचा हात अजून त्याच्या मांडीवर होता.

बूट घालताना ग्वाकसाहेब त्याच्या अगदी जवळ आले. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलत होते. "कू साहेब, टाक्यांची रेघ दिसतेय हो अजून."

दोंग-पिलचं धाबं दणाणलं. चेहऱ्यावर अर्थातच आधीपासून दणाणलेलंच होतं.

"घोरत होतात तुम्ही," ग्वाकसाहेब पुटपुटले. "ही घोरते म्हणून मी शेजारच्या खोलीत झोपतो, मला तो आवाज कळतो. ही माझ्याशी बोलते ना, तेव्हा माझी मान जरा खाली गेली की मला तिथल्या तिथे पकडते. किती वर्षं झाली." त्यांनी मागे वळून पाहिलं. बाई कोटाची बटणं लावत होत्या. "डॉक्टर कुठला?"

घरी परतताना गाडीत दोंग-पिलने चिमट्याची जागा चोळली. मग म्हणाला, "अगं, मी भाषण केलं का?"

"केलंत," सुन-इम म्हणाली. "असं भाषण तुम्ही आयुष्यात केलं नव्हतं."

वसंतात लग्न झालं. पुढच्या रांगेत दोन्ही व्याही दोन खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसले होते. दोंग-पिलच्या पापण्या आता बऱ्याच बसल्या होत्या, पण मिटताना मधे एक फट अजून राहत होती. ग्वाकसाहेबांच्या पापण्या मात्र ताज्या होत्या. समोर ग्वाक घराण्याचे एक वयोवृद्ध चुलते संसार कसा करावा यावर बोलत होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. मांडवात निम्मी माणसं पेंगली होती, पण दोन बाप ढिम्म, डोळे उघडे, शब्द न शब्द पितायत.

ग्वाकबाई सुन-इमच्या कानाशी झुकल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "विहीणबाई, तुमच्या यजमानांची संगत लागली आमच्या यांना. हल्ली मी बोलते ना, तेव्हा एकटक माझ्याकडे बघत ऐकत असतात. संध्याकाळच्या संध्याकाळ."

"चांगलं आहे की," सुन-इम म्हणाली. तिच्या कानावर आता दोन किटल्या येत होत्या, एक बारीक, एक जाड. भाषण अजून संपलं नव्हतं, तरी तिने जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.