बापूकाकांचा तांबेरा

लग्नानंतर वडील मला पहिल्यांदा माहेरी न्यायला उंद्रीहून नांदुऱ्याला आले, तेव्हा शेजारच्या बापूकाकांनी त्यांना गल्लीतच अडवलं. रामराम नाही, काही नाही.

"पाव्हणे, तुमच्या घरी अंजीर हाये?"

"आहे की."

"पानाले तांबेरा?"

"असंल थोडा."

"मंग धोतर झटका अगुदर! तिकडं, तिकडं तोंड करून!"

माझे वडील गावचे मानाचे माणूस. भर गल्लीत धोतर झटकत उभे राहिले.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. बापूकाका कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपवून घरी बसले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. होतं ते परसातलं अंजिराचं झाड. त्याच्या पानांच्या पाठीवर गंजासारखी तांबूस भुकटी धरायची. तोच तांबेरा. पानं करपून गळायची आणि फळ पिकायच्या आत झाड उघडं पडायचं.

बापूकाका कुणाच्याही परसात न विचारता शिरत आणि पानं उलटी करून बघत. कुणी हटकलं की म्हणत, "वरून काय पाह्यता? रोग खालून येते." गळालेलं एकेक पान वेचून जाळत. मडक्यात मोरचूद आणि चुना कालवत, त्यात विळा बुडवून बघत. पात्यावर तांबं चढलं की आणखी चुना. मग ते निळं पाणी होळीच्या पितळी पिचकारीनं झाडावर उडवत. एकदा सासूबाईंचं वाळत घातलेलं लुगडं निळं झालं. त्या कडाडल्या, तर काका म्हणतात, "लुगड्याले काय होते? पान तं वाचलं!"

एवढं करूनही त्या हिवाळ्यात झाड पुन्हा तांबूस झालं. काका ओट्यावर डोकं धरून बसले. मी चहा घेऊन गेले.

"काका, भिंतीपल्याडही अंजीर आहे ना? त्याला कुणी औषध मारतं का?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. पल्याड त्यांचा धाकटा भाऊ, श्रीपत राहायचा. वाटणी झाली, मधे भिंत आली आणि बोलणं बंद झालं. दोन्ही झाडं त्यांच्या आईनं एकाच फांदीच्या कलमांपासून लावलेली.

"ते माह्यं झाड नाही," काका म्हणाले.

"वाऱ्याला कुठं कळतं ते?"

मी आणखी एक गोष्ट सांगितली. श्रीपतकाकांचा उजवा हात लकव्यानं गेला होता. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बापूकाकांना सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडखड ऐकून मी काकांच्या परसात गेले. बापूकाकांनी भिंतीला शिडी लावली होती. वर उभे राहून पल्याडच्या झाडावर पिचकारी मारत होते. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला.

"कोण हाय बे थे?"

पिचकारी थांबली.

"मी हाव. तुह्या झाडाले औषध मारून राह्यलो."

"झाडालेच?"

काका शिडीवर तसेच उभे. निळं पाणी कोपरावरून गळत होतं.

"भिंतीवरून काऊन बोलतं, दादा?" पलीकडून आवाज आला. "दारातून ये ना."

ते शिडीवरून उतरले. मागचं दार उघडंच टाकून, गल्लीला वळसा घालून गेले. मी भिंतीपाशी उभी होते. मग बापूकाकांचा आवाज आला. एवढा हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"दुखते का बे?"

"आता कमी हाये."