भरल्या तांब्याची गाडी

आमच्या शेजारच्या टिपणीसकाकांकडे मोटार होती, आणि त्या मोटारीच्या मागच्या सीटवर बसून पाण्याने काठोकाठ भरलेला एक पितळी तांब्या ठाण्यात फिरायला जात असे. माणसं बसत नसत, तांब्या बसे. संध्याकाळी कचेरीतून आले की काका अंगणातल्या विहिरीचं पाणी शेंदायचे, तांब्या भरायचे, दोन्ही हातांनी जपून नेऊन सीटच्या मधोमध चुंबळीवर ठेवायचे आणि तलावपाळीला एक चक्कर मारून यायचे. परत आले की पहिल्यांदा सीटवरून हात फिरवायचे. हाताला ओलं लागलं की मान हलवायची, कोट खुंटीला आणि स्वतः गाडीखाली. "हिंदकळता कामा नये," एवढंच गाडीखालून ऐकू यायचं.

मी लग्न होऊन सांगलीहून ठाण्याला आले ती पन्नास सालाच्या आसपास. वर्तकनगर नव्हतं, वागळे इस्टेटीच्या जागी गवत होतं, आणि आमच्या चरईत दुपारी पोस्टमनच्या चपला वाजल्या तरी ऐकू येत. माझ्याबरोबर माहेरून सावरीच्या कापसाची एक गादी आली होती. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक पन्नाशीचे, टक्कल पडलेले गृहस्थ न विचारता घरात आले, त्या गादीवर बसले, उठले, पुन्हा बसले, डोळे मिटून थोडे डुलले आणि मला म्हणाले, "सूनबाई, गादी उत्तम आहे. देता का?"

मी नाही म्हटलं. नव्या सुनेने इतकं स्पष्ट नाही म्हणायचं नसतं हे मला नंतर सांगण्यात आलं. पण काकांना राग नव्हता. "विचार करा," म्हणाले आणि जाताना आमची दाराशी पडलेली सायकलची जुनी ट्यूब घेऊन गेले.

ही त्यांची रीतच होती. आळीत एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ती टिपणीसांच्या गाडीत बघायची. गाडी युद्धाच्या आधीची, विलायती. मुलुख सोडून निघालेल्या कुणा साहेबाकडून घेतलेली. ती चरईत आली तीच मुळी बैल लावून. पुढे ती काकांच्या हातून चालायला लागली, पण तिच्या अंगावर मूळ साहेबी असं फार थोडं उरलं. दाराच्या कड्या देवघराच्या होत्या. पायरी म्हणून काकूंचा पाट लावलेला. मागच्या चाकांवर ज्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात, त्या तर काकांनी इतक्या वेळा खोलल्या की तांगेवाले म्हणायचे, गाडीपेक्षा कमानी जास्त चालल्यात. एक पट्टी काढायची, मधे ट्यूबचे तुकडे घालायचे, एरंडेल पाजायचं, पुन्हा बसवायचं. चाकांतली हवा कमी करायची. सीटमध्ये आधी काथ्या, मग घोड्याचे केस, मग कुणाच्या तरी उशा.

इंजिनाला मात्र ते हात लावत नसत. गाडी तांग्याच्या मागे राहायची. माझे यजमान एकदा म्हणाले, "काका, जरा पळेल असं काहीतरी करा की." काकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "पळणाऱ्या गाड्या गल्लोगल्ली आहेत रे. पाणी धरणारी एक दाखव."

आता रोज भरलेला तांब्या घेऊन गाडी फिरते म्हटल्यावर आळी गप्प कशी बसणार? घराबाहेर पडताना समोरून भरलं भांडं आलं तर काम होतं, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. सुरुवातीला गाडीला हसणारी माणसं हळूहळू दारात थांबून तिची वाट बघायला लागली. चेंदणीची कोळीण टोपली घेऊन कोपऱ्यावर उभी राहायची. "भाऊ, तुमचा तांब्या दिसला का टोपली लगेच खाली होते," म्हणायची. मला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून मुलाखतीला जायचं होतं, तेव्हा सासूबाईंनी मला साडी नेसवून उंबऱ्यात उभं करून ठेवलं आणि काकांना निरोप धाडला की आज चक्कर सकाळीच मारा. काकांनी मारली. मला नोकरी लागली. त्यात इंग्रजी व्याकरणाचाही थोडा हात होता असं मला वाटतं, पण घरात श्रेय तांब्याला मिळालं.

काकांना ह्या सगळ्याचा मनस्वी कंटाळा. "मी कमानी तपासतोय, ह्यांना शकुन दिसतात," म्हणायचे. पण वाट बघणाऱ्याला कधी चुकवलं नाही त्यांनी.

मग आळीतल्या जोशीकाकूंच्या मुलीला, शालूला, बघायला पाहुणे आले, वाटेत त्यांना तांब्या सामोरा आला आणि लग्न ठरलं. जोशीकाकूंना भरून आलं. दुसऱ्या संध्याकाळी काका पुढे वाकून गाडीला हँडल मारत होते, तेवढ्यात ह्या बाईंनी मागचं दार उघडलं, तांब्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली, आत विड्याची पानं लावली, वर नारळ ठेवला आणि हात जोडून दार लावून घेतलं. वाटेत मागे वळून बघणं काकांच्या नियमात बसत नसे. गाडी तलावाला फिरून आली. मी आमच्या ओसरीवरून बघत होते. काकांनी दार उघडलं आणि सवयीने आधी सीटवरून हात फिरवला.

"कोरडी," ते म्हणाले. मग जोरात, घराच्या दिशेने, "अगं, कोरडी आहे! ऐकलंस का? सगळी कोरडी!"

टिपणीसकाकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. आणि मग दोघांचीही नजर नारळावर गेली.

मी पदर तोंडात कोंबून हसले. हसत हसतच त्यांच्या अंगणात गेले आणि काकांचा चेहरा पाहून गप्प झाले. ते गाडीच्या पाटावर बसले होते, नारळ मांडीवर घेऊन. एवढं वाईट वाटण्यासारखं काय झालं ते मला कळेना.

"आज अक्काला बोलावणं धाडणार होतो, सूनबाई," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कल्याणला दिलेली. आई गेली तेव्हा काका रांगत होते. अक्का परकरातली पोर. "तेव्हा अंगणात विहीर नव्हती, आळीच्या टोकाला होती," काका सांगत होते. "डोक्यावर घागर आणि कडेवर मी. घागर हिंदकळली नाही कधी, आणि मलाही हिसका बसला नाही. झोपायचो मी तिच्या खांद्यावर." कल्याणला खाडीच्या घाटावर अक्का घसरून पडल्या आणि कमरेचं हाड गेलं. खुर्चीत बसून असल्या की बऱ्या, पण हिसका बसला की जीव जायचा. तांग्याने वेशीपर्यंतही जमलं नाही, रेल्वेच्या जिन्यावर शुद्ध हरपली. भाऊबीजेला काकाच कल्याणला जात. अक्का बसूनच ओवाळायच्या आणि दर खेपेला विचारायच्या, ओसरी अजून सारवता का रे? एकदा बसायचंय माहेरच्या ओसरीवर.

"आणि मी गाडी घेतली," काका म्हणाले. "तिला म्हटलं, थांब. पाणी सांडेनासं झालं की न्यायला येतो. म्हातारी झाली गं ती थांबून थांबून."

मी माहेरापासून आगगाडीच्या एका रात्रीवर होते आणि तेवढ्यानेही मला रडू यायचं. कल्याण तर दिसण्याइतकं जवळ. मी घरी गेले, गादी गुंडाळली आणि आणून त्यांच्या अंगणात टाकली.

त्या रविवारी काकूंनी आणि मी ती गादी उसवली. सावरीचा कापूस आमच्या केसांत, भुवयांत, आमटीत. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात वरातीला घोडा नको म्हणाले होते. हिसके बसतात म्हणे. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं." सीट भरून झाली, तांब्या तलावाला फिरून आला, आणि सीट कोरडी निघाली. ह्या खेपेला काकांनी तांब्यात बोट बुडवून खात्री करून घेतली. मग एकदम आत निघून गेले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही कल्याणला निघालो. वाटेत अक्कांना लागेल म्हणून काकूंनी पाण्याचा फिरकीचा तांब्या घेतला, तर काका चिडले. "झाकणाचा तांब्या म्हणजे कॉपी करून पास झालेला विद्यार्थी. तो उलटा टांगला तरी सांडायचा नाही. माझ्या गाडीत कशाला तो?" काकूंनी तो मुकाट्याने माझ्या हातात दिला. कळव्याचा पूल, मुंब्रा, शीळफाटा. फाट्यापासून पुढचा रस्ता म्हणजे नुसती खडी आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. तलावपाळीचा रस्ता किती गुळगुळीत होता ते मला तेव्हा समजलं. काकांनाही समजलं असावं, कारण त्यांनी गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली.

कल्याणला अक्कांच्या मुलाने त्यांना उचलून सीटवर ठेवलं. सुकलेलं एवढंसं शरीर, पण डोळे लख्ख. "दिगू, केवढी मऊ आहे रे," काकांना म्हणाल्या. काकू पुढे बसल्या, मी मागे अक्कांजवळ. गाडी निघाली आणि अक्कांनी माझा हात धरला.

पहिल्या खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या हातात रुतली. पुढून काकांनी विचारलं, "हिंदकळलं का गं?"

"छे रे. चालव तू."

दर खड्ड्याला तोच प्रश्न, आणि तसाच हसरा आवाज. "पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय हो." "अरे, झोप येतेय मला, सारखं विचारू नकोस." तोंड त्यांनी खिडकीकडे, सीटच्या कोपऱ्यात फिरवलं होतं. नुसता आवाज ऐकला असता तर कुणालाही खरं वाटलं असतं. मला हात सोडवून घेता येत नव्हता आणि घ्यायचाही नव्हता.

ठाण्यात आळी ओसरीवर जमली होती. जोशीकाकूंनी तुकडा ओवाळून टाकला. अक्कांना सारवलेल्या ओसरीवर लोडाला टेकवून बसवलं, तर त्यांनी आधी जमिनीवरून हात फिरवला, काका सीटवरून फिरवायचे अगदी तसाच. मग विहिरीचं पाणी मागितलं. सगळे तिकडे धावले.

काका गाडीपाशीच राहिले होते. मागचं दार उघडून त्यांनी सीटवरून हात फिरवला. मधोमध कोरडं. मग हात खिडकीकडच्या कोपऱ्याशी, जिथे अक्का तोंड फिरवून बसल्या होत्या तिथे गेला आणि थांबला. त्यांनी ओली बोटं पाहिली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"माझ्या हातून तांब्या हिंदकळला, काका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. फिरकी घट्ट लावलेली होती. मग माझ्या मनगटावर उमटलेले बोटांचे वळ पाहिले.

"हं," ते म्हणाले. "असेल."

दुसऱ्या दिवशी ओवाळणं झालं. अक्का इतक्या हसत होत्या की काकूंनी दृष्ट काढली. जेवणं झाल्यावर मी बघते तर कोट खुंटीला आणि गाडीखालून काकांचे पाय बाहेर. बाजूला काढलेली कमान. ओसरीवरून अक्कांनी हाक मारली, "दिगू, अरे चांगली आहे की गाडी. थेंब सांडला नाही. उगाच कशाला खोलतोस?"

"आवाज येतोय जरा," काका गाडीखालून म्हणाले.

गाडी कालपासून बंद होती.