जिन्यातली जकात

अख्ख्या खंडातले देश आपापल्या सीमा मोडून एकच बाजार कसे झाले, यावर प्राध्यापकांनी अकरा वर्षं खपून सहाशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. ते छापायचं की नाही, हे प्रकाशक आज दुपारी जेवायला येऊन सांगणार होते!

"तीन भाऊ, तीन मजले आणि तिन्ही घरांत तोच स्वयंपाक? काय हा अडाणीपणा!" प्राध्यापक सकाळीच गरजले. "तळमजल्यावर भात, मधल्या मजल्यावर भाजी, वर आपल्याकडे गोड. मग देवाणघेवाण! प्रकाशकांना पुस्तक डोळ्यांनीच दाखवतो."

"आणि तुम्ही काय करणार?" बायकोने विचारलं.

"मी धोरण ठरवणार!"

धोरण मधल्या मजल्यावर अडकलं. तिथे थोरल्या वहिनी दार उघडून डाव घेऊन बसल्या होत्या. खालून भात आला, चार डाव काढून घेतले. वरून गोड आलं, अर्धं भांडं रिकामं!

"वहिनी, हे काय चाललंय?"

"जकात! भाऊजी, तुम्हीच नाही का लिहिलंत? नदीकाठचा जो तो सरदार येणारी-जाणारी होडी अडवून वसुली करायचा म्हणून?"

"अहो, पण त्या जकाती पुढे उठल्या!"

"किती दिवसांनी?"

"काही शतकांनी..."

"मग एवढी घाई कसली?"

तेवढ्यात तळमजल्यावरून धाकटी भावजय कडाडली, "भाताच्या बदल्यात एवढंसंच गोड? मग भात बंद!" आणि तिने धाडकन दार लावलं.

एक वाजला. प्राध्यापकांच्या टेबलावर वाटीभर भात आणि गोडाचं खरवडलेलं भांडं. पाहुण्यांचा पत्ता नाही. दीड वाजता त्यांचा धीर सुटला आणि ते धडधडत जिना उतरले.

मधल्या मजल्यावर प्रकाशक पट्टा सैल करून बसले होते. ताटात भात, भाजी, गोड, सगळं ओसंडून वाहत होतं.

"माल जिन्यानेच वर चालला होता," वहिनी म्हणाल्या. "अडवला!"

"पुस्तक छापतो," प्रकाशक घास गिळत म्हणाले. "फक्त जकातीमुळे सगळ्यांचं नुकसान होतं, असं सांगणारं ते दीडशे पानांचं प्रकरण काढा. मला ते आता पटत नाही."

अकरा वर्षांतली पाच वर्षं त्या एका प्रकरणात गेली होती! प्राध्यापकांनी प्रकाशकांकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि पाट ओढला.

"काढतो," ते म्हणाले. "मलाही ते जरा लांबल्यासारखंच वाटत होतं. वहिनी, थोडा भात वाढता?"