ढेकळांची पैसेवारी

सोमवारी सकाळी चंद्रभानने गोडाऊनला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि अकोल्याच्या रॉक संगीताला सहा दिवसांची मुदत दिली.

“येत्या रविवारी शंभर मान्सं दिसले पाह्यजे,” तो म्हणाला. “नाई तं सोमवारी इथं ढेप भरतो. ढेपीले गिऱ्हाईक तरी असते.”

अकोल्याचं रॉक संगीत त्या वेळी जवळजवळ पूर्ण संख्येने दारासमोर उभं होतं. गिटार आणि गळा अंकुरचा, बेस गिटार रश्मीची, ड्रम नागसेनचे आणि टाळ्या खुशालराव इंगोल्यांच्या. उरलेले दहा प्रेक्षक कामावर गेले होते. ही मुलं गाणी स्वतःच लिहीत, स्वतःच वाजवीत आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकत. याला इंडी म्हणतात. बँडचं नाव ‘ढेकळं’. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत चंद्रभानचं सरकी-ढेपीचं, म्हणजे जनावरांच्या पेंडीचं गोडाऊन होतं. हंगामाआधी ते रिकामं असे, आणि रिकाम्या जागेत उंदरांपेक्षा मुलं बरी, एवढ्याच रसिकतेने त्याने ते रविवारी यांना दिलं होतं.

खुशालराव इंगोले हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले मंडळ अधिकारी. त्यांचं घर गोडाऊनच्या मागे. दोन वर्षांपूर्वी ते आवाजाची तक्रार करायला म्हणून इथे आले होते. परंतु स्थळपाहणी केल्याशिवाय अर्ज लिहायचा नाही, ही पस्तीस वर्षांची सवय. म्हणून त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. नोकरीत त्यांच्यावर ओरडणारी माणसं त्यांनी भरपूर पाहिली होती. त्यांच्याकडे न बघता ओरडणारा अंकुर हा पहिलाच. त्या संध्याकाळी त्यांना फार हलकं वाटलं. तक्रारीचा अर्ज राहून गेला.

तेव्हापासून एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. अमरावतीत काही असलं की सकाळच्या एसटीने जात. अमरावतीच्या शेवटच्या कार्यक्रमात आधी अकरा मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, अकरांनी भाषणं केली, आणि बँडला दोन गाणी मिळाली. दुसरं गाणं चालू असताना आभारप्रदर्शन सुरू झालं. खुशालराव तेही ऐकून आले.

आणि प्रत्येक कार्यक्रमाची ते पैसेवारी काढत. गावाचं पीक किती आलं हे सरकार पैशात मोजतं. पन्नासच्या वर गेलं की पीक बरं, खाली आलं की दुष्काळ. दुष्काळ ठरला की वसुली थांबते, जप्ती थांबते, माणूस जरा श्वास घेतो. खुशालरावांनी आयुष्यभर दुसरं काही मोजलंच नव्हतं, त्यामुळे गिटारही ते त्याच मापाने मोजत. त्या अमरावतीच्या कार्यक्रमाला त्यांनी बावीस पैसे दिले होते, आणि तेसुद्धा शाल चांगली होती म्हणून.

“काका, संपलं आपलं,” अंकुर म्हणाला. “शंभर मान्सं कुठून आनाचे? माह्या घरचे येत नाईत.”

“माह्यावर सोड,” खुशालराव म्हणाले. “म्या मोर्चे आवरले आहेत. गर्दी कशी जमते, मले ठाऊक आहे.”

गर्दी आवरणं आणि गर्दी जमवणं यात फरक असतो, हे त्यांना नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दोन पानी निवेदन लिहिलं. पहिल्या पानावर रॉक संगीत म्हणजे काय, ढेकळं कोण, ड्रमचे भाग किती, असा सविस्तर तपशील. दुसऱ्या पानावर निष्कर्ष. त्यात लिहिलं होतं: ‘सबब मागील रविवारच्या पाहणीअंती पैसेवारी अडतीस पैसे इतकी निश्चित होत असून परिस्थिती दुष्काळसदृश आहे. पुढील प्रत्यक्ष पाहणी येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता चंद्रभान यांचे गोडाऊन, जुने शहर, अकोला येथे होईल. संबंधितांनी जातीने हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्यांची हरकत नंतर ऐकून घेतली जाणार नाही.’ खाली सही, नाव, फोन नंबर, आणि ‘सेवानिवृत्त’ हा शब्द इतक्या बारीक अक्षरात की तो लिहिताना त्यांनाच वाईट वाटलं असावं.

“एवढं कोन वाचते?” पत्नी वच्छलाबाईंनी चहा ठेवत विचारलं.

“शासकीय भाषा आहे. लोक घाबरून तरी वाचतात.”

“मंग घाबरून येतीन,” वच्छलाबाई म्हणाल्या. पुढे जे झालं ते पाहता त्या घरात अधिकारी नेमकं कोण होतं, असा प्रश्न पडतो.

दोन्ही पानांचे फोटो त्यांनी आपल्या साळ्याला, पातूरजवळच्या गावी मोतीरामला पाठवले. मोतीराम तेवीस व्हॉट्सॲप ग्रुपांवर होता आणि त्यातल्या एकोणिसांवर त्याला कोणी विचारत नव्हतं. त्याने पहिलं पान उघडलं. त्यात कसली तरी वाजंत्री होती. भाऊजींचं वय झालं, जुना कागद चुकून आला असेल, असं समजून त्याने ते पान बाजूला ठेवलं आणि दुसरं पान तेवीसच्या तेवीस ग्रुपांवर टाकलं. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, ‘आपल्या भाऊजींनी मनावर घेतलं आहे.’

त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊसही त्याच वेळी आला होता. शेंगा झाडावरच कोंबारल्या होत्या. लोक पंधरा दिवस पाहणीची वाट बघत होते आणि पाहणी लोकांची.

बुधवारी खुशालरावांचा फोन वाजू लागला.

“साहेब, रविवारचं पक्कं आहे ना?”

“पक्कं म्हनजे? या तुमी. सोबत चार जन आना.”

“चार काहून, टेम्पोच करून राहिलो. कागदपत्र काय लागते?”

“काईच नाई. फक्त शेवटपर्यंत बसाचं.”

बिनकागदाचं सरकारी काम त्या माणसाने जन्मात पाहिलं नसावं. “नमुना आनू का साहेब?”

खुशालरावांना वाटलं, एखादा होतकरू गायक असेल. पातूर तालुक्यातही ही चळवळ पोचली, याने त्यांचा ऊर भरून आला. “आना की. सगळ्याईचे नमुने पाहू.”

शनिवारपर्यंत असे सत्तरेक होतकरू गायक झाले. त्यांनी अंकुरला कळवलं की वऱ्हाडात जे दडून बसलं होतं ते आता बाहेर येत आहे. अंकुरने नवीन टी-शर्ट घेतला. चंद्रभानचा मात्र या चळवळीवर विश्वास नव्हता. त्याने शनिवारीच ढेपीचा ट्रक मागवून गोडाऊनसमोर उभा करून ठेवला.

रविवारी साडेचारला गल्लीत टेम्पो शिरायला सुरुवात झाली. पाचपर्यंत गोडाऊन भरलं, मग ओटा भरला, मग लोक ट्रकच्या टपावर बसले. चारशे माणूस. चंद्रभान दारात उभा राहून मोजत होता, आणि शंभरच्या पुढे गेल्यावर त्याला मोजणं नकोसं झालं.

खुशालराव इस्त्रीचा सदरा घालून आले. दाराशीच एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या हातात मुळासकट उपटलेलं सोयाबीनचं झाड ठेवलं. मोतीरामच्या शेजारच्या कौशल्याबाई.

“पाहा साहेब. शेंगेतच कोंब आले.”

खुशालरावांनी झाडाकडे पाहिलं. मग आत पाहिलं. चारशे माणसांच्या हातात चारशे नमुने होते. कोणाकडे सोयाबीन, कोणाकडे सडलेली कपाशीची बोंडं. मागच्या रांगेत मोतीराम उभा राहून अभिमानाने हात हलवत होता.

पस्तीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. खुशालरावांना सगळं प्रकरण एका मिनिटात समजलं.

त्यांनी अंकुरला बाजूला घेतलं. “बावा, मले लोकाईले काई सांगाचं आहे.”

“काका, नंतर.” अंकुरचे डोळे भरून आले होते. “चारशे मान्सं, काका. झाडं घेऊन आले आपल्यासाठी. पुन्यात असं होत नाई.”

रश्मी पुढच्या रांगेतून आलेली सोयाबीनची जुडी ॲम्प्लिफायरवर नीट लावून ठेवत होती. आता सांगितलं तर लोक उठून जाणार, आणि उद्या इथे ढेप. नाही सांगितलं तर खुशालराव तोतया अधिकारी. ते खुर्चीवर बसले. निर्णय पुढे ढकलणं हा त्यांच्या खात्याचा मूळ गुण होता.

पहिलं गाणं सुरू झालं. कोणी हललं नाही. सरकारी कामाआधी प्रबोधनासाठी कलापथक असतंच, हे चारशे जणांना माहीत होतं. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘ढेकळं’ लिहिलेलं, म्हणजे पथक कृषी खात्याचं. प्रश्न एवढाच होता की योजना कोणती.

“फोन वाजतो, मी उचलत नाही,” अंकुर जिवाच्या आकांताने गात होता. “वाजू दे, वाजू दे, मी उचलत नाही.”

“हे कायचं गानं आहे गा?” कौशल्याबाईंनी मोतीरामला विचारलं.

“पीक विम्याचं, काकू. थ्या टोल फ्री नंबराचं.”

“खरं बोलते पोट्टा,” कौशल्याबाई म्हणाल्या आणि टाळी वाजवली. त्यांच्यामागे चारशे टाळ्या पडल्या.

दुसरं गाणं एका माणसाविषयी होतं, जो या दारातून त्या दारात जातो आणि त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. अंकुरने ते एका निद्रानाशाच्या आठवड्यात लिहिलं होतं. प्रेक्षकांनी ते तहसिलीवरचं म्हणून लगेच ओळखलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. नागसेनच्या ड्रमवर तर ट्रकवरचे लोक टपच बडवू लागले. दोन वर्षं अकरा माणसांना ढेकळांचा अर्थ लागला नव्हता. या चारशेंना तो पहिल्या ओळीपासून लागत होता.

पाऊण तासाने गाणी संपली. मग सगळे खुशालरावांकडे वळून बसले.

ते माइकपाशी गेले. साहेब आले नाहीत, उद्या या, हे वाक्य त्यांनी हजारदा उच्चारलं होतं. साहेब येणारच नाहीत, हे सांगायची वेळ पहिलीच.

“मी निवृत्त मानूस आहे,” ते म्हणाले. “थो कागद पिकाचा नव्हता. या पोराईच्या गान्याचा होता. पहिलं पान तुमच्यापर्यंत पोचलं नाई. आज इथं पिकाची पाहनी नाई.”

ट्रकवरून कोणीतरी विचारलं, “मंग तुमी इथं काय करता?”

“मी ऐकाले येतो.”

“पस्तीस वर्सं कुठं होते मंग?”

सगळं गोडाऊन हसलं. खुशालरावही हसले, कारण दुसरा इलाज नव्हता. मोतीराम तेवढ्यात खांबामागे गेला होता. कौशल्याबाई मात्र उठल्या आणि आपलं झाड त्यांच्यापुढे धरून म्हणाल्या, “आल्यासारखे अर्ज तरी लिवून द्या. अक्षर बरं आहे तुमचं.”

खुशालराव ड्रमच्या स्टुलावर बसले आणि लिहू लागले. गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख. ढेकळांनाही कामाला लावलं. अंकुरने पहिल्या अर्जात सोयाबीनच्या मनाची अवस्था लिहिली, तो फाडावा लागला. रश्मीचे अर्ज सरळ होते. आपली पाळी येईपर्यंत लोकांनी ट्रकमधली ढेप पाहिली, भाव विचारला, आणि टेम्पो रिकामे परत न्यायचे कशाला म्हणून पोती भरून घेतली. तासाभरात ट्रक मोकळा झाला.

तरी चंद्रभान किल्ली वाजवत पुढे आला. “मान्सं आले, मान्य. पन गान्याले नाई आले. शर्त तुटली. दुसरा ट्रक उद्या येते.”

अंकुरचा चेहरा पडला. तेव्हा मोतीराम खांबामागून बाहेर आला. चुकीची भरपाई करायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

“शर्त कशी तुटली? कागदात काय लिवलं आहे? पाहनी होईन, पैसेवारी निघन. मी अन् कौशल्याकाकू गावच्या पैसेवारी समितीत आहो. काहाडतो पैसेवारी.”

चंद्रभान दोन वर्षं खुशालरावांच्या तोंडून पैसेवारी ऐकत होता. पैसेवारी कशी चालते हे त्याला तिथल्या तिथे आठवलं. पन्नासच्या खाली, म्हणजे जप्तीला स्थगिती, म्हणजे गोडाऊन मुलांकडेच. तो चटकन माइकपाशी गेला.

“ऐंशी द्या,” तो म्हणाला. “काय वाजोते पोट्टे. म्या असं कधी ऐकलंच नाई. नव्वद द्या.”

दोन वर्षांत त्याने एकही गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं. अंकुर मात्र विरघळला. “काकू, ऐंशी नको,” तो लाजत म्हणाला, “साठ चालन.”

“तू गप,” रश्मी म्हणाली. तिचे वडील शेतकरी होते.

समितीने डोकी एकत्र केली. कोणी फोनचं गाणं गुणगुणलं, कोणी दारांचं. ट्रकच्या टपावरून ड्रमची शिफारस आली. कौशल्याबाईंनी डोळे मिटून थोडा विचार केला, आपल्या हातातल्या झाडाकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला.

“एकुनपन्नास.”

खुशालरावांनी वहीत आकडा टिपला आणि सही केली. चंद्रभानने किल्ली त्यांच्या वहीवर आपटली.

“काकू, चारशे मान्सं टाळ्या वाजोत होते. एवढं चांगलं वाजोलं, अन् एकुनपन्नास?”

“चांगलं वाजोलं,” कौशल्याबाई म्हणाल्या, “म्हनूनच तं.”