एक नाव, एक ओळ

"एकच गाणं सदतीस वेळा? ही सूची आहे की भंगाराचं दुकान?" फिक्रीसाहेबांनी कागद निर्मीनच्या टेबलावर आपटला.

कैरोच्या त्या ध्वनिसंग्रहालयातल्या टेपांची सूची संगणकावर चढवायचं काम निर्मीनकडे होतं आणि फिक्रीसाहेब तिथले संचालक. भांडण गायिका सनिया दमनहूरीच्या 'येशील तेव्हा ये' या गाण्यावरून पेटलं होतं.

"गाणं एक आहे साहेब, मैफली अनेक. एकदा बाई बारा मिनिटांत उठल्या, एकदा लोकांनी पहिली ओळच चाळीस मिनिटं गाऊन घेतली. म्हणून दोन तक्ते करू. एक गाण्यांचा, एक मैफलींचा. गाण्याचा क्रमांक दोघांना जोडेल."

"गुरुवारी मंत्री येतायत. दोन तक्ते कशाला असं विचारलं तर मी काय सांगू?"

"आत्ता मी सांगितलं तेच."

"मला ते कळलेलं नाही." हे साहेब चक्क अभिमानाने म्हणाले. "एक नाव, एक ओळ. नाव पुन्हा आलं की टेप जादा. जादा माल गुरुवारी सकाळी भंगाराच्या गाडीत."

अडाणीपणाला खुर्ची मिळाली की त्याचं धोरण होतं. निर्मीनने धोरणाबरहुकूम एकच तक्ता केला. संगणक साहेबांहून आज्ञाधारक. त्याने पहिली टेप घेतली आणि उरलेल्या छत्तीसांना 'आधीच आहे' म्हणून हाकलून दिलं.

ती यादी घेऊन निर्मीन तळघरात वगदीकाकांकडे गेली. काकांनी एकतीस वर्षं या टेपा उंदरांपासून, ओलीपासून आणि सात संचालकांपासून वाचवल्या होत्या. आठवा भारी निघाला.

"म्हणजे बाईंनी सदतीसदा गळा ताणला तो एकदाच धरायचा?"

"नियम आहे काका. नाव तेच, शब्द तेच, तर एक ठेवायची, बाकीच्या काढायच्या."

काकांनी चहात पुदिना चुरला. बराच वेळ चुरत राहिले. "हेच लिहून आण पोरी. सहीशिक्क्यानिशी."

साहेबांनी झोकात सही ठोकली.

गुरुवारी सकाळी गाडी खोकी घेऊन गेली. दुपारी मंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर बटण दाबलं आणि भोंग्यातून सनियाबाई कडाडल्या, "गाढवा, हातात औद दिलाय तुझ्या, कांदे चिरायला नाही बसवलं."

ती पहिली टेप तालमीची होती. बाईंनी औद छेडणाऱ्या वादकाला अकरा मिनिटं सोललं आणि न गाता निघून गेल्या.

"हे गाणं आहे?" मंत्र्यांनी विचारलं.

"सूचीप्रमाणे हेच, साहेब," फिक्रीसाहेब पुटपुटले.

"मी हे वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलंय. लोक पहिल्या ओळीच्या पुढे जाऊच देत नव्हते. ती टेप लावा."

फिक्रीसाहेब निर्मीनकडे वळले. "ती कुठाय, बाई?"

"तुमच्या नियमात गेली, साहेब."

तेवढ्यात वगदीकाका काखेत एक टेप मारून सावकाश जिना चढून आले. "हीच ना साहेब, चाळीस मिनिटांची? बाकीच्याही आहेत खाली."

मंत्री खुर्चीत पसरले. मरून वीस वर्षं झालेल्या बाईला "पुन्हा, बाई, पुन्हा" अशी दाद देत त्यांनी पुढच्या दोन बैठका बुडवल्या. जाताना फिक्रीसाहेबांची पाठ थोपटली. "टेपा जपल्यात. शाबास." साहेबांनी ती शाबासकी एका शब्दाचीही दुरुस्ती न करता खिशात घातली.

मंत्र्यांची मोटार दिसेनाशी झाल्यावर साहेबांनी काकांना बाजूला घेतलं. "मग सकाळी गाडीत गेलं काय?"

"ईदच्या समारंभातली तुमची भाषणं. बारा वर्षांची." काकांनी सहीशिक्क्याचा कागद उलगडून समोर धरला. "नाव तेच, शब्द तेच. नियमाप्रमाणे एक ठेवलंय."

रविवारी निर्मीनने दोन तक्ते केले, गाण्यांचा आणि मैफलींचा. भाषणांसाठी मात्र साहेबांचा जुना तक्ता तिने तसाच राहू दिला. तिथे तो अगदी चपखल बसत होता.