रामटेकेकाकांचा रविवारचा सिनेमा

आमच्या समोरच्या दारात राहणारे रामटेकेकाका टीव्हीकडे पाठ करून सिनेमा बघतात. खुर्चीचं तोंड दाराकडे, मांडीवर मोबाइल. मागे नायक खलनायकाला धुऊन काढत असतो आणि काका निवांत शेंगा सोलत असतात. तेलीबांध्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये याचं नवल आता फक्त नव्या भाडेकरूंना वाटतं.

काका रेल्वेतून रिटायर झाले, पण फक्त कागदोपत्री. जगातली प्रत्येक गोष्ट ते अजून रुळांवरूनच नेतात. घरोघरी इंटरनेटवरचा टीव्ही आला, गच्चीवरच्या डिशच्या छत्र्या कावळ्यांच्या ताब्यात गेल्या, तेव्हा हा सिनेमा येतो कसा ते समजावून सांगायची जबाबदारी काकांनी कोणी न मागता उचलली.

"पिक्चर अख्खा नाही येत बाप्पा. तुकडे करतेत त्याचे. मालगाडीचे डबे कसे, एकामागून एक. आपण पहिला डबा पाहून राहिलो, तोवर मागचे चार घरी येऊन उभे राहतेत."

चित्र अडकून ते चक्र गरगर फिरायला लागलं की बाकीचे लोक कंपनीचा उद्धार करतात. काका शांत. "डबा स्टेशनाबाहेर आउटरवर उभा आहे. येऊन राहिला." चित्र धुरकट झालं तर, "लाइन भरली न, म्हणून हलका डबा पाठवला." ऐकणाऱ्याला हळूहळू गार्डाची शिट्टीसुद्धा ऐकू येऊ लागते.

अकाउंट मात्र पुण्याला असलेल्या मुलाचं, प्रशांतचं. त्यावर एका वेळी दोनच टीव्ही चालतात. त्यातला एक तिकडे नातू कार्टूनसाठी अडवून बसतो. रविवारी संध्याकाळी प्रशांत दुसऱ्यावर काही बघायला बसणार, त्याच्या जरा आधी काका इकडे सिनेमा लावून मोकळे. मग फोन वाजतोच. इथल्या हिंदी मुलखात वाढलेल्या प्रशांतला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

"बाबा, आप देख रहे हो क्या? इधर चल नहीं रहा."

"हव, पाहून राहिलो न. जेवला काय तू? पोट्ट्याचा खोकला गेला काय?"

खोकला, शाळा, सुनेचं ऑफिस, सगळी चौकशी संपेपर्यंत काका टीव्ही बंद करत नाहीत. एकदा न राहवून मी म्हणालो, "काका, तुम्ही बघत तर नाही, मग लेकाची लाइन काहून अडवता?"

"ज्याची गाडी आधी लागली त्याचा प्लॅटफॉर्म," काका म्हणाले. म्हातारा हेकट आहे, असं मी ठरवून टाकलं.

गेल्या महिन्यात असाच फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. प्रशांत भलताच खुशीत.

"बाबा, बड़ा वाला प्लान ले लिया, चार टीवी वाला. अब आप आराम से देखो, मैं बीच में डिस्टर्ब नहीं करूँगा."

खोकल्यापर्यंत गाडी पोचलीच नाही. काकांनी फोन खाली ठेवला. "चांगला पोट्टा आहे," ते म्हणाले. "बापाची काळजी करते."

पुढच्या रविवारी गेलो तर सिनेमा सुरू होता, एकदाही न अडकता. शेंगा तशाच पडल्या होत्या. काका मोबाइल उलटापालटा करून बघत होते.

"रिंग मारून पाहा बरं, वाजते काय हा?"

मी रिंग मारली. फोन खणखणीत वाजला. काकांनी तो लगेच बंद केला नाही, बराच वेळ वाजू दिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि फार वाईट वाटलं.

"काका, तुम्हीच लावा न त्याले."

"काय सांगू लावून? काम असलं त फोन करावं माणसानं." त्यांनी मोबाइल परत मांडीवर ठेवला. "आता त्याचं काही अडतच नाही न."

आणि रिमोट घेऊन त्यांनी सिनेमाचा आवाज आणखी थोडा कमी केला.